मातीत आहे, पानात नाही
वनस्पतींतील वहन आणि जनुकसंपादन : एक प्रस्तावना

प्रवरेच्या कालव्याखाली ऊस करणाऱ्याला केवडा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. खोडवा फुटून वर येतो आणि शेतात चट्ट्याचट्ट्यांनी नवी पाने पिवळी पडू लागतात. आधी शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळट होते. दुर्लक्ष झाले तर अख्खे पान पांढरेफटक पडते. उपाय सर्वांना पाठ आहे : हिराकस शेणखतात मुरवून द्यायचे, नाहीतर फवारायचे. पाने हिरवी होतात. पुढच्या खोडव्याला केवडा पुन्हा हजर.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, म्हणजे लोह. पण ज्या जमिनीत केवडा पडतो तिथे लोहाचा तुटवडा नसतो. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकातून झालेली. तिच्यात लोह टक्क्यांच्या हिशेबाने असते आणि उसाला त्यातला नगण्य अंश पुरतो. अडते ते चुनखडीपाशी. सामू आठच्या वर गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात बसून राहते. सामू एका अंकाने वाढला की विरघळलेल्या फेरिक लोहाचे प्रमाण हजार पटींनी घसरते. म्हणजे मुळाभोवती लोहाची रास आहे आणि पान उपाशी आहे. शेतीतल्या कितीतरी दुखण्यांचे मूळ असे पुरवठ्यात नसून वहनात असते. पुढच्या पानांत ज्या शाखेत मी वाचकाला घेऊन जाणार आहे, तिचा सगळा अभ्यास याच एका गोष्टीभोवती फिरतो.

वहनाची पहिली खूण बांधावर उभे राहूनही दिसते. नत्र कमी पडले की जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात, कारण झाड तिथले नत्र काढून कोवळ्या पानांकडे पाठवते. लोह कमी पडले की कोवळी पाने आधी पिवळी पडतात, कारण जुन्या पानात एकदा बसलेले लोह सहजासहजी हलत नाही. कोणते पान पिवळे पडले एवढ्यावरून कोणता पदार्थ झाडात फिरतो आणि कोणता जागीच रुतून बसतो, हे ओळखता येते. शेती अधिकारी हे निदान रोज करतात. त्याच्या मागे पेशीपातळीवर काय घडते, हा आपला विषय.

पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ पटल असते. नायट्रेट, फॉस्फेट, लोह, साखर यांपैकी काहीही त्यातून आपोआप आरपार जात नाही. त्यासाठी पटलात वाहक प्रथिने बसवलेली असतात. कालव्याला पाणी आहे म्हणून टेलच्या शेतकऱ्याला ते मिळतेच असे नाही. पाटकरी कोणती चारी कधी उघडतो यावर सगळे ठरते. वाहक प्रथिने ही झाडातली पाटकरी मंडळी. फरक इतकाच की एकेका झाडात असे पाटकरी शेकड्यांनी असतात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची नेमणूक नेमकी कुठे आहे हे अजून आपल्याला शोधायचे आहे.

मुळांनी लोह मिळवायच्या दोन रीती आहेत. भुईमूग, सोयाबीन, डाळिंब अशी द्विदल झाडे मुळाभोवतीची माती आम्ल करतात, फेरिक लोहाचे फेरस करतात आणि आयआरटी१ नावाच्या वाहकातून ते आत घेतात. हा वाहक १९९६ मध्ये सापडला, तोही गमतीशीर रीतीने : लोह घेता न येणाऱ्या यीस्टमध्ये झाडाची जनुके एकेक करून घातली आणि कोणत्या जनुकाने यीस्ट जगते ते पाहिले. गवतवर्गीय पिकांची, म्हणजे ऊस, ज्वारी, बाजरी, मका, गहू यांची तऱ्हा वेगळी. ती मुळातून म्युजिनिक आम्लासारखे पदार्थ सोडतात, ते लोहाला धरतात, आणि मग ही जोडगोळी जशीच्या तशी आत ओढली जाते. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये हे दाखवून दिले. मक्याच्या शेजारी लावलेला भुईमूग चुनखडीच्या जमिनीतही हिरवा राहतो, हे चिनी संशोधकांनी पुढे नोंदवले. आंतरपिकाच्या जुन्या पद्धतींकडे या नजरेने पुन्हा पाहायला हवे, असे मला फार दिवसांपासून वाटते.

त्या जोडगोळीला आत घेणारा वाहक कसा सापडला, ही कथा जनुकसंपादनाचे महत्त्व पटायला पुरेशी आहे. पानांवर पिवळे पट्टे पडणारा एक मका जॉर्ज बीडल यांनी १९२९ मध्ये नोंदवला. दोष आनुवंशिक होता. तो लोहाचा आहे, आणि त्यातही लोह शोषण्याचा आहे, हे कळायला दशके गेली. वायएस१ हे जनुक हाती लागले २००१ मध्ये. एका वाहकासाठी ७२ वर्षे. यात कोणाचा आळस नव्हता. हातात होता तो फक्त निसर्गाने किंवा किरणोत्साराने आंधळेपणाने बिघडवलेला जीव, आणि बिघाड कुठे आहे हे उलट्या दिशेने शोधत जायचे होते. आज संशय असलेले जनुक आधी निवडायचे, ते बिघडवायचे आणि मग पान पिवळे पडते का ते पाहायचे, असा सरळ मार्ग मोकळा आहे.

आता संप्रेरकांकडे वळू. ऑक्सिन, सायटोकायनिन, जिबरेलिन, अब्सिसिक आम्ल, स्ट्रायगोलॅक्टोन : झाडाची वाढ कोणत्या दिशेने, किती आणि कधी, हे यांच्यामुळे ठरते. यांचेही वहन होते, आणि यांच्याबाबतीत पदार्थ किती आहे यापेक्षा तो कुठून कुठे चालला आहे यालाच बहुधा अर्थ असतो. ऑक्सिनचे उदाहरण घ्या. पेशींमधली जागा आम्लधर्मी असते, तिथे ऑक्सिनचा काही भाग विद्युतभार नसलेल्या रूपात राहतो आणि पटलातून आत शिरतो. पेशीच्या आत सामू सातच्या आसपास. तिथे तो भारित होतो आणि अडकतो. बाहेर पडायला वाहक हवा. हे बाहेर नेणारे वाहक पेशीच्या एकाच बाजूला बसवले की ऑक्सिन एकाच दिशेने वाहू लागते. ही कल्पना रुबरी आणि शेल्ड्रेक यांनी १९७४ मध्ये मांडली. त्यातले रूपर्ट शेल्ड्रेक त्याच वर्षी हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आणि तूर-हरभऱ्यावर काम करू लागले. त्यांच्या पुढच्या आयुष्यातल्या वादग्रस्त मतांबद्दल काय म्हणायचे ते म्हणा, हे गृहीतक मात्र खरे ठरले. जपानमध्ये १९९१ मध्ये अभ्यासलेल्या, फुलांऐवजी टाचणीसारखी बोडकी दांडी येणाऱ्या एका उत्परिवर्तित रोपातून पुढे १९९८ मध्ये पिन१ हा वाहक हाती आला. तो खरोखरच पेशीच्या एका टोकाला बसलेला दिसला.

अन्नद्रव्ये एका खात्यात आणि संप्रेरके दुसऱ्या खात्यात, अशी विभागणी पाठ्यपुस्तके करतात. मला ती सोयीची वाटते, खरी वाटत नाही. एनआरटी१.१ हा नायट्रेटचा वाहक पाहा. त्याचे जनुक १९९३ मध्ये वेगळे केले गेले आणि बरीच वर्षे तो केवळ नत्र आत घेणारा म्हणून ओळखला गेला. २०१० मध्ये फ्रान्समधल्या गटाने दाखवले की तो ऑक्सिनही वाहतो. मातीत नायट्रेट नसेल तेव्हा कोवळ्या उपमुळाच्या टोकातून तो ऑक्सिन काढून घेतो, आणि ऑक्सिन गेले की उपमुळाची वाढ थांबते. नायट्रेट आले की हे काढून घेणे बंद होते, टोकाशी ऑक्सिन साठते आणि मूळ त्या बाजूला वाढते. म्हणजे एकच प्रथिन नत्र मोजते, आत घेते आणि मुळाला पुढे जायची परवानगीही देते. त्याच्या साखळीतल्या १०१ क्रमांकाच्या थ्रिओनिनला फॉस्फेट चिकटले की ते विरळ नायट्रेटही पकडते. फॉस्फेट निघाले की भरपूर नायट्रेटमध्ये काम करणारे होते. या एका अमिनो आम्लाची अदलाबदल करून दोन्ही कामे वेगळी करून पाहता येतात. युरियाच्या गोणीचा हिशेब करणाऱ्या कोणालाही या प्रथिनात रस वाटायला हवा.

येथे जनुकसंपादन कामी येते. क्रिस्पर-कॅस९ ची पद्धत आता शाळेच्या पुस्तकातही डोकावते, म्हणून थोडक्यात सांगतो. सुमारे २० अक्षरांचा मार्गदर्शक आरएनए डीएनएवरची जागा दाखवतो, कॅस९ हे प्रथिन तिथे कापते, पेशी तो काप घाईने जोडते आणि जोडताना एखादे अक्षर गळते किंवा जास्तीचे शिरते. जनुक निकामी होते. शार्पेंतिए आणि डाउडना यांचा मूळ शोधनिबंध २०१२ चा, नोबेल २०२० चे. वनस्पतींत ही पद्धत २०१३ मध्येच पोचली, आणि त्या पहिल्या तुकडीत भात, गहू यांच्यासोबत ज्वारीही होती, याचा आपल्याकडे फारसा उल्लेख होत नाही.

पण वहनाच्या अभ्यासात या साधनाचा खरा उपयोग वेगळ्याच कारणाने आहे. वाहकांची कुटुंबे मोठी असतात. नायट्रेटवाहकांच्या ज्या कुटुंबात एनआरटी१.१ आहे, त्याचे पन्नासहून अधिक सदस्य आपल्या प्रयोगशाळांच्या लाडक्या अरॅबिडॉप्सिस या रोपात आहेत. काही नत्र वाहतात, काही अब्सिसिक आम्ल, काही जिबरेलिन. एक निकामी केला की दुसरा त्याचे काम उचलतो आणि रोप जणू काही झालेच नाही असे उभे राहते. नवख्या संशोधकाची पहिली निराशा बहुधा हीच असते. अनेक मार्गदर्शक एकाच वेळी देऊन तीन-चार भावंडे एकदम बंद करता येतात, तेव्हा कुठे झाड बोलू लागते. जनुक पूर्ण न मोडता त्याच्या आधीचा नियंत्रक भाग थोडा बदलावा, की वाहक मुळात राहील पण पानात राहणार नाही, अशी नाजूक कामेही होतात. नवे वाण काढण्याआधी झाडाला प्रश्न विचारण्यासाठी हे साधन वापरावे, असा माझा आग्रह आहे. प्रश्न नीट विचारला तर वाण मागाहून येतो. उलट क्रमाने गेलेली कामे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि ती बहुधा एका हंगामातच थकतात.

प्रश्न आपल्या शिवारातून निघाला तर काय होते, याचे मला सर्वांत आवडते उदाहरण ज्वारीतले आहे. हलक्या, स्फुरद कमी असलेल्या रानात ज्वारीच्या बुडाशी पांढऱ्या फुलांची एक इवलीशी वनस्पती उगवते, टारफुला. ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो, कारण जमिनीखाली तिने ज्वारीच्या मुळात आपले मूळ कधीच घुसवलेले असते आणि पाणी-अन्न ओढून घेत असते. तिचे बी धुळीसारखे बारीक. एका झाडाला हजारोंनी येते आणि मातीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते. ते उगवते ते यजमानाचे मूळ जवळ आल्याचा वास लागल्यावरच. हा वास म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन. या गटातला पहिला पदार्थ, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळा केला गेला.

ज्वारी आपल्याच वैऱ्याला हाक का मारत असेल? याचे उत्तर मिळायला २००५ उजाडले. जपानमध्ये अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा स्राव मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीला बोलावण्यासाठी असतो. स्फुरद कमी पडले की झाड तो वाढवते, बुरशी येते आणि दूरवरचे स्फुरद मुळापर्यंत आणून देते. टारफुल्याने ही मित्रासाठीची हाक चोरून ऐकायची सवय लावून घेतली. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, आणखी एक गोष्ट उघड झाली : हेच रेणू झाडाच्या आत संप्रेरक म्हणून फिरतात आणि फुटवे किती यावेत हे ठरवतात. एकच रेणू आत वाढीचे काम करतो, बाहेर मित्राला बोलावतो आणि शत्रूलाही जागवतो. अन्नद्रव्य, संप्रेरक आणि वहन यांची गाठ याहून घट्ट कुठे मारलेली असेल असे मला वाटत नाही.

टारफुल्याला दाद न देणाऱ्या काही ज्वाऱ्या आफ्रिकेत निवडल्या गेल्या होत्या. त्या कामासाठी इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांना २००९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या प्रतिकाराच्या मुळाशी असलेले एलजीएस१ हे जनुक २०१७ मध्ये ओळखले गेले. ते बिघडले की मुळातून निघणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोनचा प्रकार बदलतो आणि टारफुल्याचे बी झोपून राहते. पण प्रश्न उरलाच होता : हा स्राव मुळातून बाहेर पडतो कसा? २०२५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी ज्वारीतले दोन वाहक, एसएलटी१ आणि एसएलटी२, शोधून काढले आणि संपादनाने ते बंद केले. आतले संप्रेरक आतच राहिले, बाहेरचा स्राव घटला. टारफुला असलेल्या शेतातल्या चाचणीत प्रादुर्भाव ठळकपणे कमी झाला आणि धान्याचे नुकसान सुमारे निम्म्याने घटले.

हा निकाल वाचून लगेच हुरळून जाऊ नये. बाहेर जायची वाट बंद केली की मायकोरायझाचीही हाक मंद होणार. पारनेर-पाथर्डीच्या मुरमाड रानात, जिथे स्फुरद आधीच तुटपुंजे, तिथे ही किंमत परवडेल का? जामखेड-कर्जतच्या भारी जमिनीवर रब्बीत मालदांडी ज्वारी घेणाऱ्याचे गणित वेगळे असेल का? याची उत्तरे परदेशातल्या काचघरात मिळणार नाहीत. ज्वारीचे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात १९६८ पासूनच्या परंपरेत चालत आले आहे; फुले वसुधा, फुले रेवती ही वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. हे प्रश्न तिथल्या विद्यार्थ्यांनी उचलावेत, असे मला मनापासून वाटते. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. संपादनासाठी ज्वारीच्या कोवळ्या भ्रूणापासून ऊती वाढवून पुन्हा रोप करावे लागते, आणि टीएक्स४३० सारखी एखादी प्रयोगशाळेतली जात यात जशी चटकन साथ देते तशी प्रत्येक गावरान जात देत नाही.

उसाचे काय, असा प्रश्न नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) विचारला जाणारच. राज्यातील सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला झाली, तिथे तो विचारला नाही तरच नवल. खरे सांगायचे तर ऊस हे या शाखेतले सर्वांत हट्टी पीक आहे. त्याच्या पेशीत शंभरहून अधिक गुणसूत्रे, आणि एकेका जनुकाच्या कितीतरी प्रती. फ्लोरिडातल्या एका गटाने एका जनुकाच्या शंभराहून जास्त प्रती संपादित करून दाखवल्या, हे खरे, पण ते कौतुक प्रत्येक प्रयोगशाळेला झेपणारे नाही. दुसरी अडचण लागवडीतली आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी बोट दाखवत नाही. भात-ज्वारीत संपादन झाल्यावर पुढच्या पिढीत कॅस९ चे जनुक नसलेली रोपे निवडून घेता येतात. ऊस आपण बेण्याने, डोळ्याच्या टिपरीने लावतो. पिढी बदलतच नाही. जे आत गेले ते आत राहते. कोईमतूरच्या संस्थेत तुरे येतात, संकर होतात, तिथूनच को ८६०३२ सारखी जात आपल्याकडे आली. पण संकर केला की त्या जातीचे रूपच बदलते. म्हणून ज्वारीचे महत्त्व दुहेरी. ज्वारी उसाची जवळची नातलग, गुणसूत्रे फक्त दहा जोड्या, संपूर्ण जनुकसंच २००९ पासून उपलब्ध. उसाच्या लोहवहनाबद्दलचा प्रश्न आधी ज्वारीला विचारावा.

कायद्याबद्दल थोडेसे. पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी, परकीय जनुक न उरलेल्या संपादित पिकांना १९८९ च्या नियमांतील काही कलमांतून वगळले. त्या वाटेने मे २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले : हैदराबादच्या संस्थेचा सांबा मसुरीवरून केलेला डीआरआर धान १०० (कमला) आणि दिल्लीच्या संस्थेचा पुसा डीएसटी राईस १. आपल्या दृष्टीने गंमत अशी की कमलामध्ये बदललेले जनुक संप्रेरकाचेच आहे. ते सायटोकायनिनचा नाश करणारे विकर बनवते. ते मंदावले की लोंबीत सायटोकायनिन टिकते आणि दाणे वाढतात. उत्पादनाच्या सरकारी आकड्यांवर काही संघटनांनी आक्षेप घेतले आहेत. विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंचे कागद वाचावेत आणि चाचणी किती ठिकाणी, किती हंगाम झाली, एवढेच आधी पाहावे.

संपादनाशिवायही पुष्कळ काही होते, हेही विसरू नये. लोहयुक्त धनशक्ती बाजरी इक्रिसॅट आणि राहुरीच्या विद्यापीठाच्या सहकार्यातून २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली, ती केवळ निवडीतून. तिच्या दाण्यात लोह जास्त का पोचते, हा मात्र वहनाचा प्रश्न आहे. भातात पानाच्या पेशीतील रसधानीत लोह कोंडणारे दोन वाहक बंद केले तर ते लोह दाण्याकडे वळते, असे दिसले आहे. बाजरीत असेच काही घडले असेल का, हे तपासण्यासारखे आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो साठा केला, त्याकडेही मी याच नजरेने पाहतो. त्या साठ्यातला प्रत्येक वाण एखाद्या जमिनीशी, एखाद्या पावसाशी जुळवून घेतलेला आहे. फरक कोणत्या वाहकात आहे याचा अंदाज त्यांच्या तुलनेतून येतो आणि तो अंदाज खरा की खोटा हे संपादनाने ठरवता येते. पण ही दोन वेगवेगळी कामे करणारी माणसे एकमेकांशी फार कमी बोलतात.

सुरुवात कुठून करावी, असे विचारणाऱ्याला मी क्रिस्परचा संच हाती देत नाही. ज्वारीचे रोप दोन आठवड्यांचे झाले की त्याची मुळे दोन भागांत विभागून दोन बाटल्यांत सोडावीत. एकीत नायट्रेट असलेले द्रावण, दुसरीत नसलेले, बाकी सगळे सारखे. बाटल्यांना काळा कागद गुंडाळावा, नाहीतर शेवाळ येते. सामू रोज तपासावा, कारण नायट्रेट घेणारे मूळ तो हळूहळू वाढवते आणि तेवढ्यानेच लोहाचा गोंधळ होऊन सगळा प्रयोग फसू शकतो. दहा-बारा दिवसांनी दोन्ही बाजूंची उपमुळे मोजावीत, बुंधा पहाटे कापून त्यावर रबरी नळी बसवावी आणि मुळांच्या दाबाने वर चढणारा रस गोळा करून त्यातले नायट्रेट मोजावे. आकडे तीन वेळा सारखे आले की मग एनआरटी१.१ बंद केलेले रोप त्याच बाटल्यांत लावायचे.